शिकणाऱ्याचे देणे

वर्धा जिल्ह्यात कॉलेजची फी भरण्याची वेळ आणि शेतात पैसा ओतण्याची वेळ एकच येते. जून-जुलैत बियाणे, खत, निंदण, डवरण यांत घरातली रोकड संपते, आणि नेमक्या त्याच दिवसांत प्रवेशाच्या याद्या लागतात. कापूस घरी यायला दसरा-दिवाळी उजाडते. शिष्यवृत्ती मंजूर असली तरी तिची रक्कम बहुधा वर्ष सरता सरता, नाही तर त्याहूनही उशिरा खात्यात पडते. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला मोजावे लागतात. मग शैक्षणिक कर्जाची वाट उरते. अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा, वडिलांना सहकर्जदार करायचे, आणि रक्कम मोठी असेल तर तारण द्यायचे. शेतकऱ्याच्या घरी तारण म्हणजे सातबारा. वडिलांचे पीककर्ज थकलेले असेल तर गाडी तिथेच अडते. कर्ज मिळालेच, तर शिक्षण संपल्यावर वर्षभरापर्यंत हप्ता नसतो, पण व्याजाची मोजणी पैसे उचलल्या दिवसापासून सुरू होते. पहिला धडा गिरवण्याआधीच विद्यार्थी देणेकरी होतो. हा प्रश्न आपण अर्थसंकल्पाचा आणि बँकांच्या नियमांचा समजून बाजूला ठेवतो. पण त्याच्या तळाशी एक जुना धर्मविषयक प्रश्न आहे: शिकणाऱ्यावर देणे असते का, असले तर ते कोणाचे, आणि कशाने फेडायचे?

वैदिक परंपरेने याचे उत्तर दिले आहे, आणि ते आजच्या व्यवहाराच्या नेमके उलट आहे. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो: देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. देवांचे यज्ञाने फेडायचे, पितरांचे संततीने, आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने. शिकल्यामुळे ऋण चढते असे इथे कुणी म्हटलेले नाही; ऋण आधीचेच आहे आणि शिकणे हीच त्याची फेड आहे. ज्यांनी विद्या शोधली, जपली, पुढच्यांच्या हाती सोपवली, ते तर कधीच निघून गेले. त्यांना परत काय देणार? ती विद्या आपल्यात जिवंत ठेवायची आणि पुढच्याला द्यायची, एवढेच हातात असते. मनुस्मृतीनेही गुरूला दक्षिणा द्यायची ती समावर्तनाच्या वेळी, म्हणजे शिक्षण पुरे झाल्यावर, असा क्रम घातला. आधी काही देऊ नये असे स्पष्ट सांगितले. पगार घेऊन वेद शिकवणाऱ्याला तर श्राद्धाच्या पंगतीतूनच वगळले. या नियमांमागची दृष्टी अशी की विद्या द्यायची आणि मग तिचा मोबदला ठरवायचा, पण मोबदला ठरल्याशिवाय विद्या अडवायची नाही.

यावर कुणी लगेच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की ही उदारता कुंपणाच्या आतली होती. तैत्तिरीय संहितेतले वाक्य ब्राह्मणापुरतेच आहे. एकलव्याला तर न शिकवलेल्या विद्येचीही दक्षिणा द्यावी लागली, तीही अंगठ्याची. महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागून दिवस काढत. राहण्या-जेवणाचा खर्च समाजाने उचलण्याची ही पद्धत खरोखर सुंदर होती. पण ते दार कोणत्या जातीच्या मुलासाठी उघडायचे हे आधीच ठरलेले होते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. मात्र त्यातून निष्कर्ष काय काढायचा? कुंपण चुकीचे होते म्हणून कुंपणाच्या आतला विचारही टाकायचा, की कुंपण काढून तो विचार सगळ्यांना लागू करायचा? शतपथ ब्राह्मणात याच ऋणांची चर्चा येते तेव्हा तिथे जो कुणी आहे तो ऋण घेऊनच जन्मतो असे म्हटले आहे, आणि देव, ऋषी, पितर यांच्या जोडीला चौथे ऋण माणसांचे सांगितले आहे. व्यवहारात ही व्यापकता शतकानुशतके कुणी पाळली नाही, पण विचार म्हणून ती उपलब्ध होती. १९०१ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली, तेव्हा वार लावण्याच्या पद्धतीतले जे चांगले होते ते त्यांनी दुसऱ्या मुलांपर्यंत पोचवले, असे मला वाटते.

आता वर्ध्याकडे येऊ, कारण या प्रश्नावर विसाव्या शतकातला सर्वांत अडचणीचा विचार इथेच झाला. १९३७ च्या जुलैत प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. दारूबंदी हा काँग्रेसचा शब्द होता, आणि प्रांतांच्या तिजोरीत शिक्षणासाठी जो पैसा येई त्यातला मोठा भाग दारूवरच्या अबकारी उत्पन्नातून येई. म्हणजे गुत्ता बंद केला तर शाळा बंद, आणि शाळा चालवायची तर गुत्ता चालू. दहा वर्षे आधी, १९२७ च्या मार्चमध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात याच गाठीवर बोट ठेवले होते: सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक घेते, तेव्हा निदान दारूच्या वाटेने जेवढे नेले तेवढे तरी शिक्षणाच्या वाटेने परत करा. आंबेडकरांचा युक्तिवाद न्यायाचा होता. लोकांचे घेतलेले लोकांना द्या. गांधींचा शुद्धीचा होता. तो पैसा नकोच. मग पैसा कुठून? त्यांचे उत्तर मुलांच्या हातांकडे वळले. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफायचे आणि त्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात भरलेल्या परिषदेने हा विचार स्वीकारला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. दारूबंदी आणि शिक्षणाचा खर्च ही एकाच नाण्याची दोन तोंडे होती, हे आज दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यातही फारसे कुणाच्या लक्षात नसते.

त्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी विरोध केला. शाळेचे कारखाने होतील, मुले मजूर होतील, आणि त्यांचा माल कारागिरांच्या पोटावर पाय आणेल, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप आजच्या पदवीच्या विद्यार्थ्याला जास्तच लागू पडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद मानले, आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेवर शिकलेल्या मुलांनी महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन समृद्ध केले, यात शंका नाही. तरीही एक हिशेब मांडला पाहिजे. ग्रंथालयात पुस्तके लावून किंवा कॉलेजच्या बागेत काम करून रोजचे दोन-तीन तास जो मुलगा कमावतो, तो पैशाऐवजी वेळाने फी भरतो. सधन घरातला त्याचा वर्गमित्र तेच तास वाचनात घालवतो. परीक्षा दोघांची एकच. म्हणजे श्रम फक्त गरिबाने करायचे असतील तर ते त्याच्या अभ्यासावर बसवलेला कर आहे. गांधींच्या योजनेत हा दोष नव्हता, याचे कारण साधे आहे. तिथे टकळी सगळ्यांच्या हाती होती आणि संडास सफाईची पाळीही सगळ्यांवर येई. सेवाग्रामला गांधींचे सहकारी आर्यनायकम् दांपत्य यांनी या योजनेची जी शाळा चालवली तिच्यात श्रम हा अभ्यासक्रम होता, सवलतीची अट नव्हती. श्रीमंताच्या मुलाने फावडे धरायचे नसेल तर गरिबाच्या मुलाला त्याचे नैतिक मूल्य सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. या मुद्द्यावर मी शहांच्या बाजूचा, आणि शहांना उत्तर गांधींच्या बाजूचे, असे दोन्ही एकदम म्हणता येते.

पण गांधींनी ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’मध्ये कॉलेजांविषयी जे लिहिले ते या विषयाच्या अधिक जवळचे आहे आणि जवळजवळ विसरले गेले आहे. त्यांचे म्हणणे असे की अभियंते ज्या उद्योगांना हवेत त्यांनीच त्यांच्या शिक्षणाचा खर्च करावा. टाटांनी अभियांत्रिकीचे कॉलेज चालवावे, गिरणीमालकांच्या संघाने आपल्याला लागणारे पदवीधर घडवावेत, वैद्यकीय कॉलेजे रुग्णालयांना जोडावीत, कृषी महाविद्यालयांनी आपल्या पिकावर जगावे. विद्यार्थ्याने कर्ज काढावे असे यात कुठेच नाही. ज्याला त्या विद्येचा उपयोग होणार, देणे त्याचे. ऋषिऋणाचा विचार आणि हा विचार वेगवेगळ्या दिशांनी येऊन एका जागी मिळतात. शिकणाऱ्याने फेडायचे ते शिकून आणि शिकलेले वापरून. पैशाचा भार वापरून घेणाऱ्याने उचलायचा. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभे केलेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान या विचाराच्या सर्वांत जवळ गेले. तिथे खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य उचलतात. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमात जातात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांची ग्रामीण सेवा ही अट दीर्घकाळ राहिली. याच संस्थेच्या आरोग्य विम्यासाठी आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी म्हणून ज्वारी दिली आहे. ज्याच्याकडे जे आहे ते त्याच्याकडून, आणि ते घरात आल्यावर, हे तत्त्व रुग्णाला लावता येते, मग विद्यार्थ्याला का नाही? सेवाग्रामपासून थोड्याच अंतरावर सावंगीला खासगी अभिमत विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथली वर्षाची फी लाखांत मोजतात. एकाच तालुक्यात दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी नांदतात.

सेवेने फेड या कल्पनेलाही मर्यादा आहेत, आणि त्या दाखवणारे उदाहरण कुणा टीकाकाराचे नाही, खुद्द आंबेडकरांचे आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. राहायला खोली मिळेना, कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढले गेले. देणेकरी फेडायला दारात उभा होता आणि समाजाने फेड घ्यायलाच नकार दिला. म्हणून सेवेचा करार करताना करारातल्या दुसऱ्या बाजूवरही बंधन हवे. गावात डॉक्टर पाठवायचा तर तिथे औषधे, राहायला घर आणि त्याची जात न विचारणारी माणसे हवीत. उलट बाजूचा बिघाडही आपण पाहिला आहे. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतरची वर्षभराची बंधनकारक सेवा अनेक वर्षे १० लाख रुपये भरून चुकवता येत असे. ज्याच्या वडिलांकडे दहा लाख आहेत त्याच्यासाठी ते ऋण उरत नाही, ती फीचीच उशिरा भरायची रक्कम होते.

राहिला सर्वांत नेहमीचा आक्षेप: पदवीचा फायदा ज्याला होतो त्याने पैसे द्यावेत, शाळेबाहेर राहिलेल्या मजुराच्या करातून त्याची फी का भरायची? यात तथ्य आहे. पण फायदा झाल्यावर पैसे घ्या, आधी नको. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून अशी पद्धत चालवली आहे: फी सरकार भरते, आणि पदवीधराची मिळकत ठरावीक मर्यादेपुढे गेली की करखाते ती हळूहळू वसूल करते, मिळकत तेवढी झालीच नाही तर वसुली थांबते. त्यात बापाचा सातबारा येत नाही. आपल्याकडे जमीन आधी गुंतते आणि फायदा होईल की नाही हे पुढे कळते, आणि ज्या मुलाची पदवी अर्ध्यात सुटते त्याला फायदा शून्य आणि व्याज पुरेपूर. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही असेही म्हणतात. ज्यांची मुले अनुदानित संस्थांत नाममात्र फीवर शिकून परदेशी गेली, त्यांनी हे वाक्य गरिबांना ऐकवू नये, एवढेच त्यावर म्हणता येईल.

गांधींशी माझे मतभेद होतात ते कला शाखेवर. कला शाखेची अनेक खासगी कॉलेजे स्वतःच्या बळावर चालतात, तेव्हा सरकारने ती चालवू नयेत, असे त्यांनी लिहिले. पण मराठीत बी.ए. करून पुढे शाळेत शिकवणारी मुलगी कोणाच्या उपयोगाला येते? तिचे गिऱ्हाईक ठरवता येत नाही, कारण ते सगळे गावच आहे. अशा ठिकाणी वापरणारा म्हणजे समाज, आणि समाजाची वर्गणी म्हणजे कर. त्याची तरतूद आपण करतो, पण हात आखडून. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली तेव्हा महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या गावी वर्षाला ४३,००० रुपये ठरले: भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,०००, इतर ६,०००. कॉलेजचे दहा महिने धरले तर दोन वेळच्या जेवणाला दिवसाचे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये आणि खोलीला महिन्याचे बाराशे. ही रक्कम जुलैत, खोली घ्यायच्या दिवशी हातात पडली तर तिच्यावर वर्ष काढता येते. ती मार्चमध्ये आली, तर तोवरचा किराणा आणि भाडे कुणाकडून तरी उसने आणलेले असते आणि आलेले पैसे त्यातच जातात. रक्कम वाढवण्याआधी तिची तारीख पेरणीच्या महिन्याला नेऊन बसवली, तरी वर्ध्यातली बरीच मुले सावकाराच्या दाराऐवजी वर्गाच्या दारात दिसतील.