इस्पितळ रिकामे झाले, रुग्ण कुठे गेला?



ओसाड वास्तूंत शिरून पाहण्याचे वेड हल्ली तरुण मुलांमध्ये वाढले आहे. त्यातही बंद पडलेले इस्पितळ त्यांना फार आवडते. गंजलेल्या खाटा, पोपडे धरलेल्या भिंती, काचा फुटलेल्या खिडक्या यांचे मोबाइलवर चित्रण करायचे, त्याला भीतिदायक संगीत जोडायचे आणि इथे भूत दिसते म्हणून मित्रांना दाखवायचे, असा हा खेळ आहे. पालकांची काळजी रास्त आहे. जुना जिना कधी कोसळेल याचा नेम नसतो, काचा आणि सुया पायात घुसतात आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या आवारात शिरणे बरे नव्हे. मुलांना हे जरूर सांगावे. मात्र त्यांचे कुतूहल मारू नये. ओसाड इस्पितळात शिकण्यासारखे पुष्कळ असते, फक्त तिथे प्रश्न योग्य विचारावा लागतो. मुले विचारतात, "इथे कोण मेले?" ख्रिस्ती माणसाने विचारावे, "इथले रुग्ण आता कुठे आहेत?"

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केले. ते प्रेस्बिटेरियन मिशनचे, म्हणजे आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाचा पंथ कोण विचारतो? कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत आलेली बार्शी लाइटची छोटी गाडी १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली आणि आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला रुळांवरून थेट मिरज गाठता येऊ लागले. 'मिरजेच्या मिशन दवाखान्यात नेले' हे वाक्य किती घरांत ऐकू येत असे, ते आपल्या आजी-आजोबांना विचारा.

मिरजेजवळ, आज ज्या वस्तीला वॉनलेसवाडी म्हणतात, तिथे क्षयरोग्यांसाठी वेगळे आरोग्यधामही उभे राहिले. अशी आरोग्यधामे त्या काळी ठिकठिकाणी होती. त्यांच्यापैकी एखाद्याच्या पडक्या वास्तूत गेलात, तर भिंती वाचायला शिका. व्हरांडा एवढा रुंद का? कारण खाटा बाहेर मोकळ्या हवेत मांडायच्या होत्या. खिडक्या समोरासमोर का? कारण वारा आरपार जायला हवा होता. तेव्हा क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता, आणि तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चाले. इमारत गावापासून लांब का? त्याला दोन कारणे होती. एक म्हणजे स्वच्छ हवा. दुसरे म्हणजे गावाची भीती.

मग ही आरोग्यधामे रिकामी का झाली? १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला आणि पाठोपाठ आणखी औषधे आली. १९५६ साली मद्रासमध्ये एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. गरीब, दाट वस्तीत राहणाऱ्या क्षयरोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरी ठेवूनच गोळ्या दिल्या. आरोग्यधामात आहार चांगला, विश्रांती भरपूर; घरी दोन्हींची वानवा. तरीही १९५९ मध्ये जेव्हा निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की घरी राहून नियमित औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले होते. त्यांच्या घरच्यांनाही त्यामुळे अधिक लागण झाली नव्हती. या निष्कर्षाने जगभरातल्या उपचाराची दिशा बदलली आणि आरोग्यधामांची गरज ओसरत गेली.

म्हणजे काही इस्पितळे जिंकली म्हणून रिकामी झाली! त्यांच्या भिंती पडल्या तर दुःख करू नये, देवाचे आभार मानावेत. सगळ्याच बंद इस्पितळांविषयी असे म्हणता येणार नाही. कुठे पैसा आटला, कुठे लहान गावात राहायला डॉक्टर तयार होईना, कुठे चालकांत भांडणे झाली. तिथे रुग्ण बरा होऊन गेला नाही, तो फक्त दारातून परत गेला. बाहेरून पाहिले तर दोन्ही इमारती सारख्याच पडक्या दिसतात. फरक कळायचा असेल तर त्या रुग्णाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जावे लागते.

तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की, मेलेल्या माणसाचा हात हा नावापुरताच हात, कारण हाताचे काम तो करत नाही. या न्यायाने पाहिले, तर जिथे शुश्रूषा नाही ते नावापुरतेच इस्पितळ, मग तिथे कितीही यंत्रे असोत. उलट, पत्र्याच्या एका खोलीत कोणी आजाऱ्याला वेळेवर गोळी देत असेल, तर ती खोली खरे इस्पितळ होय.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याची कथा आहे. पाच पडव्यांची ती जागा आजाऱ्यांनी भरलेली असे. आज जेरुसलेममध्ये संत अ‍ॅनाच्या चर्चजवळ तिचे केवळ भग्नावशेष आहेत. तिथे अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून होता. बरे व्हायचे आहे का, असे येशूने विचारल्यावर त्याने आपल्या दुखण्याचे वर्णन केले नाही. मला पाण्यात उतरवायला कोणी माणूस नाही, एवढीच त्याची तक्रार होती. औषध चार हातांवर होते, पण हात देणारा नव्हता. येशू त्याचा माणूस झाला. तळे आटले, पडव्या ढासळल्या, पण ती तक्रार आजही ऐकू येते.

ती सोलापुरातही ऐकू येते. जगातल्या एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. निदान आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. साधा क्षय साधारण सहा महिन्यांत बरा होतो, पण त्या सहा महिन्यांत गोळी चुकवून चालत नाही. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि यंत्रमागावर जाणारा किंवा घरी विड्या वळणारी बाई औषध सोडून कामाला लागते. रोग मग अधिक हट्टी होऊन परत येतो. अशा वेळी रोज आठवण करणारा कोणी तरी हवा असतो. त्याऐवजी पुष्कळदा मिळते काय? वेगळे ताट, वेगळा पेला, मुलीचे लग्न मोडेल म्हणून लपवाछपवी. क्षय ताटावाटीतून पसरत नाही, तो खोकल्यातून हवेवाटे पसरतो आणि योग्य औषध सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत लागणीचा धोका खूप कमी होतो. गावाबाहेरची इमारत ओस पडली खरी, पण गावाची भीती मात्र अजून भरल्या घरात राहते. भूत शोधायचेच असेल तर ते हे!

पाचगणीचे बेल-एअर आरोग्यधाम १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी सुरू केले. पुढे रोगी कमी होत गेले आणि ते ओस पडायची वेळ आली. १९९० च्या दशकात कॅथलिक धर्मगुरूंनी तिथे काम हाती घेतले आणि ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, त्या एच.आय.व्ही.बाधितांसाठी त्याच वास्तूची दारे उघडली. ज्याला कोणी माणूस नाही तो कोण, हे त्यांनी नव्याने शोधले आणि इमारतीला पुन्हा प्राण आला.

आपण नवी पेठेतली माणसे काय करू शकतो? २०२२ पासून सरकारची 'निक्षय मित्र' योजना आहे. कुटुंब, मंडळ किंवा चर्चसुद्धा एखाद्या क्षयरोग्याच्या संमतीने त्याच्या पोषक आहाराचा भार उचलू शकते. सरकारकडून रुग्णाला दरमहा मदत मिळते, तिची रक्कम २०२४ मध्ये पाचशेवरून हजार रुपये झाली. पण त्याचे बँक खाते उघडायला कोणी तरी सोबत जावे लागते. युवक संघाने एक रुग्ण, महिला मंडळाने एक रुग्ण एवढे जरी पत्करले तरी सुरुवात होईल. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला शेजारी दिसला, तर त्याला थुंकी तपासायला घेऊन जा.

शेवटच्या न्यायाविषयी बोलताना येशूने आजाऱ्याला बरे केले का, असे विचारलेले नाही. भेटायला गेलात का, एवढेच तो पाहतो. बरे करणे सर्वांच्या हाती नसते, भेटायला जाणे मात्र प्रत्येकाला जमते. इस्पितळे बांधायला मिशनऱ्यांना समुद्र ओलांडावा लागला. आपल्याला फक्त बोळ ओलांडायचा आहे.

हे प्रभू येशू, ज्याला कोणी माणूस नाही त्याचा तू माणूस झालास. आमच्या गल्लीतल्या आजाऱ्याचे दार आम्हांला दाखव आणि ते ठोठावण्याचे धैर्य दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू