मल्खाचा कान

वाचनासाठी योहानकृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय घ्यावा, व त्याच्या जोडीस लूकाचा बाविसावा.

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूस धरावयास लोक आले त्या रात्री पेत्राने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा उजवा कान छाटला, हे आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. योहान त्या दासाचे नाव मल्ख असे देतो. आम्ही आज लक्ष वेधतो ते इतक्याच गोष्टीकडे की, तलवार शिष्याची होती आणि गेला तो कान. ज्या इंद्रियाने त्या मनुष्याने वचन ऐकावयाचे तेच शिष्याने छाटले. प्रभूने तलवार म्यानात घालावयास सांगितली, आणि लूक म्हणतो की, त्याने त्या कानास स्पर्श करून तो बरा केला.

हा उतारा निवडण्यास कारण आहे. कोराडीकडे तळ्याकाठी, बाजारात किंवा वीजकेंद्राच्या फाटकाशी धर्माची गोष्ट निघाली की, आपल्या उपदेशकांस एक टोमणा हटकून ऐकावा लागतो: तुमचा देव गोऱ्यांच्या फौजेबरोबर आला. कोणी बंधू ह्यावर चिडतात, कोणी मान खाली घालितात. उत्तर देण्यापूर्वी चीन व जपान ह्या दोन देशांत काय घडले ते पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण हाच आरोप तेथे पूर्वी झाला, आणि त्या प्रसंगी वधस्तंभावर गेलेल्यांत एक मनुष्य आपल्या वसईचा होता.

त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. जन्म सुमारे 1557 सालचा. बाप पोर्तुगीज, आई कोकणातली. वसई 1534 साली गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगिजांस मिळाली होती, आणि तेथे किल्ला व ख्रिस्तमंदिर एकाच तटाच्या आत उभे होते. हा मुलगा पंधराएक वर्षांचा असता जेसुइट पाद्र्यांबरोबर जपानास गेला, तेथील भाषा उत्तम शिकला, आणि सुमारे आठ वर्षे उपदेशकाचे काम केले. आपल्या वाचकांत उपदेशक पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्यास त्या संघात घ्यावे अशी त्याची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा तो व्यापारात पडला, मनिला येथे गेला, आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. हे सर्व रोमन पंथाचे लोक होते हे आम्हांस माहीत आहे; तरी मरण पत्करिलेल्या मनुष्यापुढे पंथाची चौकशी करीत बसणे बरे दिसत नाही.

त्या काळी जपानचा सम्राट नामधारी होता. आपल्याकडे पुढे सातारचे छत्रपती व पुण्याचे पेशवे ह्यांचे जसे झाले तसेच. खरी सत्ता हिदेयोशी नामक सरदाराच्या हाती होती. 1587 साली त्याने परदेशी पाद्र्यांस देश सोडण्याचा हुकूम केला होता, पण पोर्तुगीज व्यापार हवा म्हणून तो कडकपणे अमलात आणिला नव्हता. 1593 साली मनिलाच्या स्पॅनिश सुभेदाराने त्याजकडे वकील पाठविले, तेव्हा दुभाषी होता तो गोन्सालो. पुढे 1596 साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. माल जप्त झाला. तेव्हा जहाजाच्या सुकाणूवाल्याने जपानी अधिकाऱ्यांस नकाशा दाखवून आपल्या राजाची मोठमोठी राज्ये मोजून दाखविली, आणि धाक बसावा म्हणून असेही म्हटले की, आमचा राजा आधी पाद्री पाठवितो व मागून सैन्य, असे सांगतात. तो नेमके काय बोलला ह्याविषयी जेसुइट व फ्रान्सिस्कन ह्यांचा वाद पुष्कळ वर्षे चालला. हिदेयोशीस मात्र हे सहज पटण्याजोगे होते. त्याने स्वतः 1592 साली चीन जिंकण्याच्या हेतूने कोरियावर सैन्य घातले होते; चोराच्या वाटा चोरास ठाऊक.

सव्वीस जणांस मरणाची शिक्षा झाली. सहा परदेशी फ्रान्सिस्कन, त्यांत गोन्सालो. उरलेले वीस जपानी, त्यांपैकी एक बारा वर्षांचा मुलगा. डाव्या कानाचा भाग कापून त्यांस रस्त्यांतून फिरविले, भर हिवाळ्यात क्योतोपासून नागासाकीपर्यंत नेले, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी एका टेकडीवर वधस्तंभांस बांधून भाल्यांनी मारिले.

बंधूंनो, येथेही कानच गेला. तलवार काढण्याची धमकी दिली एका खलाशाने. कान कापला गेला तो त्या जपान्यांचा, ज्यांनी फौज पाहिली नव्हती, केवळ वचन ऐकिले होते.

आता आपल्या नागपुराकडे वळू. स्टीफन हिस्लॉप साहेब 1845 साली येथे आले तेव्हा राज्य भोसल्यांचे होते, आणि कामठीस इंग्रजांची छावणी होती. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले. आधी पाद्री व मागून राज्य, हा क्रम येथेही दिसतो. हिस्लॉप साहेबांनी राज्य बुडविले असे नव्हे. ते डलहौसीने वारस नसल्याचे निमित्त करून घेतले. परंतु शेजारी दोन साले शेजारी-शेजारी ठेवून प्रश्न करीत असेल तर त्यास खोटे पाडू नये. क्रम खरा आहे असे स्पष्ट म्हणावे, आणि मग पुढचे बोलावे.

चीनची हकीकत तर अधिक लाजेची आहे. माळव्यात पिकलेली अफू मुंबई व दमण बंदरांतून चीनला जात असे. मुंबईतील कित्येक मोठ्या पेढ्या ह्या धंद्यावर गबर झाल्या. चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन झेशू ह्याने 1839 साली वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून इंग्रजांनी युद्ध केले, आणि 1842 च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग घेऊन पाच बंदरे उघडविली. ह्याच्याही दहा वर्षे आधी कार्ल गुत्सलाफ नावाचे एक प्रोटेस्टंट पाद्री अफूच्या जहाजावर दुभाषी होऊन गेले होते. एका बाजूने पेट्या उतरत व दुसऱ्या बाजूने ते धर्मपुस्तके वाटीत. चिनी भाषा त्यांस उत्तम येत होती, कळकळही खोटी नव्हती. पण पुस्तक घेणाऱ्याने ते कोणत्या कानाने ऐकावे? दुसऱ्या युद्धात 1858 साली जे तह झाले त्यांनी पाद्र्यांस देशभर फिरण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी अफूवर जकात ठरून तिचा व्यापार कायदेशीर झाला. 1900 साली बॉक्सर लोक उठले तेव्हा परदेशी पाद्री व त्यांची कुटुंबे मिळून दोनशेंच्या आसपास माणसे मेली. चिनी ख्रिस्ती मेले ते हजारोंनी. ते खेड्यांतले होते, तुमच्याआमच्यासारखे.

ह्याच मुंबई बंदरातून 1938 साली पाच हिंदी डॉक्टर चीनला गेले. राष्ट्रसभेने, म्हणजे काँग्रेसने, त्यांस जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांच्या शुश्रूषेसाठी धाडिले होते. त्यांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जे 1942 साली तेथेच वारले. ते आपल्या धर्माचे नव्हते. चीनमध्ये कोटणिसांचे स्मरण आजही आदराने होते. आणखी एक जवळचे उदाहरण: कोराडीहून कामठी किती दूर आहे? तेथील ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर 1999 साली जपानी लोकांच्या मदतीने उभे राहिले. त्याच्या मागून जपानी पलटण येईल अशी भीती कोणास वाटते काय? परदेशी असणे हा दोष नव्हे. सोबत काय आणिले हे लोक पाहतात.

मग जपानात वचनाचे काय झाले? 1614 साली ख्रिस्ती धर्मास देशभर बंदी झाली. 1637 साली शिमाबारा येथे गांजलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले, त्यांत पुष्कळ ख्रिस्ती होते. त्यांनी धरलेल्या किल्ल्यावर सरकारच्या सांगण्यावरून डच जहाजाने तोफा डागल्या. डच लोक आपल्यासारखेच प्रोटेस्टंट. त्यांस व्यापार राखावयाचा होता.

ह्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ तेथे ना पाळक, ना मंदिर, ना छापील पुस्तक. नागासाकीकडे लोकांस दरवर्षी ख्रिस्ताच्या किंवा मरीयेच्या चित्रावर पाय द्यावा लागे. तरी उराकामी व आसपासच्या खेड्यांत शेतकरी व कोळी ह्यांनी आपसांत कामे वाटून घेतली: एकाने सणांचे दिवस मोजावे, एकाने बाप्तिस्मा द्यावा, एकाने घरोघर निरोप न्यावा. प्रार्थना बाप मुलास तोंडपाठ देई. आमच्या ज्या खेड्यांत पाळक महिन्यातून एकदा पोहोचतो, तेथील बंधूंनी ह्या तीन कामांची नावे आपापल्या मंडळीत कोणास देता येतील ह्याचा विचार येत्या रविवारी उपासनेनंतर बसून करावा.

1865 साली नागासाकीस नव्याने बांधलेल्या मंदिरात उराकामीची काही माणसे आली, आणि त्यांतील एका स्त्रीने फ्रेंच पाद्र्यास हळूच सांगितले की, आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. ह्याबद्दल तीन हजारांहून अधिक जणांस हद्दपारी भोगावी लागली. सुमारे सहाशे परत आले नाहीत. 1873 साली बंदी उठली. जे परतले त्यांनी पुढे पै पै जमवून उराकामीस मोठे मंदिर बांधिले.

9 ऑगस्ट 1945 रोजी, ज्या राष्ट्रातून मिशनरी येत त्याच राष्ट्राच्या विमानाने नागासाकीवर अणुबाँब टाकिला. तो उराकामीजवळ फुटला. मंदिर कोसळले, आणि तेथील ख्रिस्ती लोकांपैकी बहुतेक मेले. वाचलेल्यांनी ढिगारा उपसला तेव्हा एक घंटा शाबूत निघाली. तीन लाकडांवर टांगून ती त्यांनी त्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री वाजविली.