सहा तासांची दया

आरशाचा पारा उडाला, असें आपण अजूनही म्हणतों. वास्तविक आरशांना पारा लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मागें पडत गेली आणि तिच्या जागीं रुप्याचा पातळ लेप आला. तरी शब्द राहिला. रागाचा पारा चढतो, चंचल मूल पाऱ्यासारखें एके ठिकाणीं ठरत नाहीं, आणि तापाचा पारा तर आमच्या पिढीनें लहानपणीं प्रत्यक्ष चढतांना पाहिलेला आहे. जो पदार्थ आमच्या बोलण्यांत इतका मुरला आहे तो येतो कोठून, आणि त्याला जमिनींतून वर आणणारे हात कोणाचे, हा प्रश्न मात्र आम्हांस वयाची पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो पडला तेव्हां त्याच्या मागोमाग दुसरा एक प्रश्न आला, आणि तोच आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

युरोपांत पाऱ्याचीं दोन गांवें प्रसिद्ध. एक स्पेनमधील आल्मादेन आणि दुसरें इद्रिया. इद्रिया ज्या देशांत आहे तो स्लोव्हेनिया. आल्प्स पर्वताच्या कडेचा, वीस-एकवीस लक्ष वस्तीचा, म्हणजे एकट्या पुणें शहराहूनही लहान. त्यांतही हें गांव डोंगरांच्या बेचक्यांत, नदीच्या कांठीं बसलेलें. अशी आख्यायिका आहे कीं, १४९० सालीं लांकडी भांडीं करणारा एक कारागीर आपलें नवें भांडें पाणी धरतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तें झऱ्याखालीं ठेवून गेला, आणि परत येऊन पाहतो तों भांडें उचलतां उचलेना. तळाशीं पारा जमलेला! आख्यायिकेंतील कारागीर खरा असो वा नसो, पारा खरा होता. १५०८ सालीं हिंगुळाचा मोठा सांठा हातीं लागला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हाब्सबुर्ग राजघराण्यानें खाण आपल्या ताब्यांत घेतली. तेथून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हें गांव पाऱ्यावर जगलें. मध्यें नेपोलियनची सत्ता येऊन गेली, ऑस्ट्रियाचें साम्राज्य मोडलें, इटलीचें राज्य आलें, युगोस्लाव्हिया आला आणि तोही गेला. निशाणें बदललीं, पण सकाळीं खाणींत उतरणें चुकलें नाहीं. एक लक्ष टनांहून अधिक पारा या एका गांवानें जगाला दिला. आजवर निघालेल्या एकंदर पाऱ्याचा तो सुमारें आठवा हिस्सा होतो. गांवाखालीं खणलेल्या बोगद्यांची लांबी सातशें किलोमीटर भरते. पुण्याहून नागपूर साधारण तेवढेंच दूर आहे!

इतका पारा लागे कशाला? आरशांना लागे, टोप्यांच्या लोंकरीला लागे, औषधांना लागे, तांबड्या रंगाला हिंगूळ लागे. पण सर्वांत मोठें गिऱ्हाईक म्हणजे रुपें. १५५४ च्या सुमारास मेक्सिकोंत एक युक्ति निघाली. रुप्याची माती चिखलासारखी भिजवावयाची, तींत पारा घालून तुडवावयाची, म्हणजे पारा रुप्याला मिठी मारतो. मग आंच देऊन पारा उडवून द्यावयाचा आणि रुपें मागें ठेवावयाचें. आल्मादेनचा पुरवठा अपुरा पडला कीं स्पेनचा राजा इद्रियाच्या पाऱ्याकडे वळे. अमेरिकेचें हें रुपें युरोपच्या व्यापाऱ्यांबरोबर आमच्या सुरतेस येई आणि तेथील टांकसाळींतून मोगली रुपये होऊन बाहेर पडे. १६६४ सालीं महाराजांनीं सुरत लुटली. त्या लुटींतील कांहीं रुपयांवर तरी अशा पाऱ्याचा हात फिरलेला असणार. ही गोष्ट एवढ्याचसाठीं सांगावयाची कीं, दूरच्या कोणा देशाचें हें पाप-पुण्य आहे, आमचा त्याच्याशीं संबंध नाहीं, असें म्हणून आम्हांस सुटतां येत नाहीं.

पारा हा इतर धातूंसारखा निमूट पडून राहत नाहीं. इद्रियाच्या काळ्या पाषाणांत तो हिंगुळाच्या रूपानें तर असेच, पण कांहीं थरांत सुटा, थेंबाथेंबानें पाझरतांना दिसे. खाणींतील कोंदट उष्णतेंत त्याची वाफ होई. ती डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं. आधीं हिरड्या सुजतात, लाळ सुटते, दांत हलूं लागतात. मग बोटें कांपतात, अक्षर बिघडतें, हातांतला पेला तोंडापर्यंत धड पोंचत नाहीं. पुढें स्वभावच पालटतो. धीट मनुष्य भित्रा होतो, बोलका मनुष्य चिडखोर आणि एकलकोंडा होतो. भट्टीवर हिंगूळ भाजणारांच्या वांट्याला तर ही वाफ दाट होऊन येई. वॉल्टर पोप नांवाच्या एका इंग्रज विद्वानानें या खाणींची हकीकत व्हेनिसहून लिहून पाठविली, ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत १६६५ सालीं छापून आली. तींत एका खाणकऱ्याचें वर्णन आहे. त्याच्या अंगांत पारा इतका भिनला होता कीं, पितळेचा तुकडा त्यानें तोंडांत धरला किंवा बोटांनीं चोळला तर तो रुप्यासारखा पांढरा होई.

त्याच १६६५ सालीं इद्रियांत एक नियम झाला. खाणकऱ्याचें काम दिवसाला सहा तासांवर आणलें गेलें. धंद्यांतून उद्भवणाऱ्या रोगाला आळा घालण्यासाठीं जगांत जे अगदीं पहिले निर्बंध झाले त्यांत याची गणना होते. शेतांतला मजूर उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत असतां जमिनीखालच्या मजुराला सहा तासांनीं मोकळें करावें, ही त्या काळाच्या मानानें केवढी गोष्ट! आम्हीं हें प्रथम वाचलें तेव्हां मनाला बरें वाटलें, आणि वर्गांत एकदां मुलांना सांगितलेंही.

पण पुढें तेंच वाक्य टोंचूं लागलें. सहा तासांचा नियम करणाराला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: सात तासांनीं माणूस बिघडतो. मग सहा तासांनीं तो बिघडत नाहीं काय? बिघडतो, जरा सावकाश बिघडतो. म्हणजे ज्या दिवशीं हा नियम लिहिला गेला त्या दिवशीं अज्ञानाची सबब संपली. त्यापूर्वीं राजा म्हणूं शकला असता कीं, मला कळलें नव्हतें. आतां नियमाचा कागदच कबुलीजबाब झाला. शिवाय कसबी खाणकरी रस्त्यावर मिळत नसतो. तो दहा वर्षें टिकण्याऐवजीं वीस वर्षें टिकला तर हित कोणाचें? त्याच शतकाच्या उत्तरार्धांत सम्राटानें ॲम्स्टरडॅमच्या सावकारांकडून या पाऱ्याच्या तारणावर कर्जें उचललीं आहेत. कर्ज फिटावयाचें तर पारा निघाला पाहिजे, आणि पारा निघावयाचा तर हात शाबूत पाहिजेत. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं बैलांची खांदेमळणी होते. जुवानें सोललेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळणारा शेतकरी ढोंगी असतो असें कोण म्हणेल? त्याचें बैलावर प्रेम असतें. पण सण संपला कीं जूं पुनः त्याच खांद्यावर चढतें.

असह्य दुःखाला सह्य करणारी दया त्या दुःखाचें आयुष्य वाढवीत तर नाहीं? हा आमचा प्रश्न.

आमचे एक स्नेही अर्थशास्त्राचे अध्यापक आहेत. त्यांच्याजवळ आम्हीं हा विचार बोलून दाखविला तेव्हां ते हंसले नाहींत, हें त्यांचें सौजन्य. ते म्हणाले, ‘अहो, हा प्रश्न तुम्ही आरामखुर्चींत बसून विचारतां आहां. त्या खाणकऱ्याला विचारून पाहा. त्याला रोजचे दोन-चार तास उजेड मिळाला, कदाचित् दोन-चार वर्षें आयुष्य मिळालें. खाण बंद होईपर्यंत मी तुझे तास कमी करणार नाहीं, कारण तसें केल्यानें अन्याय टिकतो, असें त्याच्या तोंडावर सांगण्याची तुमची तयारी आहे काय?’ आमची तयारी नव्हती. आजही नाहीं. अन्याय असह्य झाला म्हणजे तो आपोआप मोडतो, अशी एक समजूत विचारी लोकांत आढळते. परंतु ज्याच्या पाठीवर तो असह्य व्हावयाचा असतो त्याची संमति घेण्याचें या विचारवंतांना सुचत नाहीं. पेरू देशांतील वांकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणींत वेठीस धरून आणलेल्या रहिवाशांचे हाल इद्रियाहून किती तरी अधिक झाले. ती खाण कांहीं त्यामुळें लवकर मिटली नाहीं.

या वादांत आम्हांस पुनःपुनः एक मनुष्य आठवतो. जोव्हानी आंतोनिओ स्कोपोली. १७५४ सालीं, ऐन तिशींत, तो खाणीचा वैद्य म्हणून इद्रियाला आला आणि पंधरा वर्षें राहिला. डोंगर तुडवून त्यानें त्या प्रांतांतील वनस्पती गोळा केल्या, त्यांवर १७६० सालीं ग्रंथ लिहिला. लिनीअससारख्या पंडिताशीं त्याचा पत्रव्यवहार होता. १७६१ सालीं त्यानें इद्रियाच्या पाऱ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत खाणकऱ्यांच्या व्याधींचें वैद्याच्या डोळ्यांनीं पाहून वर्णन केलें. त्याच्या नांवावरून एका वनस्पतीला नांव मिळालें, आणि त्या वनस्पतीवरून एका औषधी द्रव्याला. तें द्रव्य पुढें कंपवातावरही वापरलें गेलें. योगायोगच, पण मनांत राहणारा. आतां हा स्कोपोली काय करीत असेल? कांपत आलेल्या माणसाला कांहीं दिवस वर ठेवावयाचें, लाळ थांबली, हात स्थिर झाला कीं पुनः खालीं धाडावयाचें. त्याचा पगार खाणीचाच. त्याला साथीदार म्हणावें कीं उपकारकर्ता? आम्हांस वाटतें, ग्रंथ लिहिला नसता तर त्याच्याविषयीं शंका राहिली असती. सहा तासांचा नियम दुखणें झांकतो. स्कोपोलीचा ग्रंथ तें उघडें करून चारचौघांत मांडतो. औषध दोघांनीं दिलें, पण एकानें रोगाचें नांव लपविलें नाहीं.

दोष सहा तासांचा नाहीं. सातव्या तासापासून नियम करणाराच्या मनाला जी स्वस्थता येते तिचा आहे.

आणि ती स्वस्थता किती दीर्घ असूं शकते याचा दाखला इद्रियाची खाण बंद झाली त्या प्रकारांत आहे. ती दयेनें बंद झाली नाहीं. १९५६ सालीं जपानांतील मिनामाता येथें एक भयंकर रोग उघडकीस आला. कारखान्याच्या सांडपाण्यांतील पाऱ्याचें संयुग माशांत गेलें होतें आणि माशांतून माणसांत. हळूहळू जगाला पाऱ्याची धास्ती बसली, मागणी उतरली, भाव कोसळला. १९७७ सालीं इद्रियाचें काम थांबलें, १९८३ सालीं थोडेंफार पुनः सुरू झालें, आणि १९९५ पर्यंत पारा निघणें कायमचें संपलें. २०१३ सालीं पाऱ्याविषयीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याला मिनामाताचेंच नांव आहे. त्यानें पाऱ्याच्या नव्या खाणींना बंदी केली. जें विष चार-पांच शतकें खणणाराच्या हातांत दिसत होतें, तें खाणाराच्या ताटांत दिसूं लागल्यावर हें सर्व झालें.

गांवकऱ्यांचें काय? येथें आमच्या नीतिविचाराची थोडी पंचाईत होते. ते सुटकेचा श्वास टाकतील असें कोणास वाटेल. परंतु इद्रियाला आपल्या खाणीचा अभिमान आहे. १५०० सालीं खणलेला तिचा जुना बोगदा आज प्रवाशांना दाखवितात, आणि आल्मादेनसह या गांवाला २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. खाणकऱ्यांच्या बायका-मुली सुताची नाजूक जाळी विणीत. तिची शाळा १८७६ सालीं निघाली, ती अजून चालू आहे. एकाच घरांत एकाचीं बोटें पेला धरूं शकत नाहींत आणि दुसरीचीं केसासारखे धागे गुंफीत आहेत, हें चित्र आमच्या मनांतून जात नाहीं. ज्या कामानें बाप झिजला त्या कामाचा मुलाला अभिमान वाटावा, यांत विसंगति दिसते खरी. पण तो अभिमान खाणीचा कीं बापाचा, हें बाहेरच्यानें कसें ठरवावें? इकडे खाण मिटली तरी पारा मिटलेला नाहीं. भट्ट्यांच्या राखेंतून, नदीकांठच्या गाळांतून तो दर पुराबरोबर खालीं वाहतो आणि सोचा नदीवाटे त्रिएस्तच्या आखातांत जातो.

आमच्या पूर्वजांनीं पाऱ्याचा विचार केला नव्हता असें नव्हे. रसशास्त्रांत पाऱ्याचे दोष घालविण्यासाठीं स्वेदन, मर्दन, मूर्च्छन असे आठ संस्कार सांगितले आहेत. किती बारीक दृष्टि ती! पण ते संस्कार पाऱ्यावर व्हावयाचे, औषध घेणाराला अपाय होऊं नये म्हणून. खल धरून दिवसच्या दिवस मर्दन करीत बसणाऱ्या शिष्याला या आठांत जागा नाहीं.

आम्ही सात-आठ वर्षांचे असतां धाकट्या बहिणीला ताप आला होता, आणि तापाची कांडी आमच्याच हातून फरशीवर पडून फुटली. पाऱ्याच्या गोळ्या घरभर धांवल्या. आईनें त्या तळहातानें गोळा केल्या, कागदावर घेतल्या, आणि आम्हीं त्या दोन दिवस खेळावयास वापरल्या; कोणाला कांहीं वावगें वाटलें नाहीं. मात्र आईच्या हातांतली सोन्याची बांगडी एका बाजूनें पांढरी फटक पडली. ती घाबरली, सोनें गेलें असें तिला वाटलें. आम्हांला बरोबर घेऊन ती आळींतल्या सोनाराकडे गेली. त्यानें बांगडी निरखून पाहिली, हंसला, आणि शेगडीवर धरून फुंकणीनें आंच दिली. तो अगदीं वांकून, जवळ तोंड नेऊन फुंकीत होता. पारा उडाला, बांगडी पिवळीधमक झाली. आईनें काय द्यावयाचें म्हणून विचारलें. तो म्हणाला, ‘वहिनी, एवढ्याशा कामाचे काय घ्यावयाचे?’