पाठ केलेले उत्तर आणि खरे बोलणे

पवनेच्या काठावरचे रावेत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शेतीवाडीचे गाव होते. पिंपरी-चिंचवडचे पिण्याचे पाणी इथल्या बंधाऱ्यावरून उचलले जाते, एवढीच त्याची बाहेर ओळख. आता इथे उंच इमारती आहेत, इंजिनीअरिंग कॉलेज आहे, नदीवर बास्केट ब्रिज आहे आणि परदेशाचे वेध लागलेली तरुण पिढी आहे. कुणाला इंग्लंडात शिकायचे आहे, कुणाला नर्स म्हणून आयर्लंडला जायचे आहे, कुणाचा निकाह ब्रिटनमधल्या मुलाशी ठरला आहे आणि व्हिसासाठी इंग्रजी बोलून दाखवायचे आहे. यांत उर्दू माध्यमातून शिकलेली मुलेमुलीही आहेत. संध्याकाळी ती आम्हा शिक्षकांकडे सरावाला येतात. या सरावातून एक प्रश्न उभा राहतो. तो इंग्रजीचा नाही, नीतीचा आहे. आधी तयार करून पाठ केलेले उत्तर देणे म्हणजे खोटे बोलणे आहे काय?

परीक्षा कशी असते ते आधी पाहू. यांतली सर्वांत माहितीची आयईएलटीएस १९८९ पासून घेतली जाते. तिचा बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा. सुरुवातीला घर, गाव, काम, आवडीनिवडी यांवर साधे प्रश्न. मग हाती एक कार्ड येते. त्यावरच्या विषयाचा १ मिनिट विचार करायचा आणि १ ते २ मिनिटे बोलायचे. शेवटी त्याच विषयाला धरून चर्चा. गुण चार गोष्टींना, सारखेच: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. उमेदवार खरे बोलला की खोटे, याला एकही गुण नाही. फी १७-१८ हजार रुपये. कितीतरी घरांत महिन्याचा पगार एवढाच येतो. नापास नावाचा प्रकार या परीक्षेत नसला तरी हवा तो बँड मिळाला नाही तर पैसे गेलेच.

म्हणून तयार उत्तरे हातोहात फिरतात. ‘तुम्हाला आदर वाटणारी व्यक्ती’ या विषयावर सगळ्यांचे आजोबा एकच. सगळे पहाटे उठणारे, सगळे प्रामाणिकपणाचा धडा देणारे. सगळ्यांचा छंद वाचन. लोणावळ्यापलीकडे न गेलेली मुलगी बर्फाच्या डोंगरांत घालवलेल्या सुट्टीचे वर्णन करते, तेही न अडखळता.

याला मुले जबाबदार आहेत असे आम्हाला वाटत नाही. जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्याच भागातले. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला त्यांचे नाव आहे. उर्दू आणि मराठी शाळांतल्या गरिबांच्या मुलांनाही इंग्रजी मिळावे हा हेतू चांगलाच होता. परंतु इंग्रजी आले ते वहीत आले, जिभेवर आले नाही. दहावीला भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण शाळेच्याच हाती असतात. २०१९ च्या परीक्षेत ते गुण नव्हते, अभ्यासक्रमही नवा होता, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. गुणांची चर्चा खूप झाली. मुलाला खरोखर कुणी काही विचारते काय, याची फारशी झाली नाही. ‘तुला काय वाटते?’ हा प्रश्न अनेकांना आयुष्यात प्रथम विचारला जातो तो बाविसाव्या वर्षी, परक्या भाषेत, अनोळखी माणसाकडून. मग त्याला पाठांतराचा आधार घ्यावासा वाटला तर नवल ते काय?

आणि पाठांतर म्हणजेच खोटेपणा, हेही आम्हाला मान्य नाही. निकाहात ‘कबूल है’ म्हणणारी मुलगी हे शब्द स्वतः रचत नाही. कित्येक पिढ्यांनी ते तसेच उच्चारले आहेत. तरी त्या घटकेला तिच्याकडे याहून खरे बोलणे दुसरे नसते. कुरआन मुखोद्गत करणारा हाफिज, इथून जवळच्या देहूत हरिपाठ म्हणणारा वारकरी, रोज सकाळी प्रतिज्ञा म्हणणारी शाळेतली पोरे, सगळे पाठ केलेलेच बोलतात. शब्द उसने असले म्हणून बोलणे खोटे ठरत नाही. इमाम बुखारींच्या हदीससंग्रहाची सुरुवातच नियतीच्या हदीसने होते. कृतीचे मोल नियतीवरून ठरते, हा तिचा आशय. तेव्हा विचारायचे ते हे की पाठ केलेल्या शब्दांमागे नियत कोणती?

खोट्याबद्दल दोन टोकाची मते प्रसिद्ध आहेत. शेख सादींच्या ‘गुलिस्ताँ’तली (१२५८) पहिलीच हिकायत घ्या. बादशहा एका कैद्याला मृत्युदंड फर्मावतो. जिवाची आशा सुटलेला कैदी आपल्या भाषेत शिव्या देऊ लागतो. तो काय म्हणतो, असे बादशहा विचारतो. एक वजीर सांगतो, तो क्षमा करणाऱ्यांची थोरवी गातो आहे. बादशहा कैद्याला सोडतो. दुसरा वजीर खरे काय ते सांगून टाकतो, तेव्हा बादशहा म्हणतो की तुझ्या खऱ्यापेक्षा मला त्याचे खोटे आवडले. उलट जर्मन तत्त्ववेत्ता कांट १७९७ च्या एका निबंधात म्हणतो की मित्राचा जीव घ्यायला आलेल्या मारेकऱ्याने विचारले तरीही खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही.

सरावाला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना सादी जवळचे वाटतात. आमच्या खोट्याने कुणाचे नुकसान होते, असे ती विचारतात. परीक्षकाला आमचे आजोबा भेटायचे नाहीत. वरवर पाहता हे बरोबर आहे. परंतु सादींच्या वजिराचे खोटे दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी होते. इथे कुणाला वाचवायचे आहे? नीट पाहिले तर उत्तर मिळते: आपल्या खऱ्या आयुष्यापासून स्वतःला. मुलाला वाटते की आपले घर, आपला मोहल्ला, आपल्या बापाचा धंदा हे इंग्रजीत सांगण्याजोगे नाही. परीक्षक फसतो की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. जे उत्तर पन्नास वेळा म्हटले जाते ते ऐकणारा पहिला माणूस तो मुलगाच असतो.

एका मुलाचे उत्तर होते, ‘माझे वडील आयात-निर्यातीच्या व्यवसायात आहेत.’ वडील कुदळवाडीत भंगार निवडण्याचे काम करीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली हजारो बांधकामे पाडली, त्यांत त्यांचे गोदामही गेले. आम्ही त्याला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, ‘अब्बा सकाळी गेल्यावर आधी काय करायचे?’ तो घरच्या बोलीत सांगू लागला. लोहचुंबक लावून लोखंड वेगळे कसे काढतात, पितळ आणि तांबे खरवडून रंगावरून कसे ओळखतात, ॲल्युमिनियम हातात घेताच हलके कसे लागते. दोन मिनिटे कधीच उलटून गेली. मग तेच त्याने इंग्रजीत सांगितले, तुटक, चुकत. पण परीक्षक आडवातिडवा काहीही विचारो, त्याला उत्तर ठाऊक होते. आयात-निर्यातीबद्दल पुढचा एक प्रश्न आला असता तरी तो गप्प बसला असता. खरे बोलणे इथे उपयोगाचेही ठरले. आमचा मुद्दा मात्र उपयोगाचा नाही. त्या दिवशी अब्बांचे काम त्याच्या तोंडून प्रथमच मान ताठ ठेवून निघाले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गरिबाने आपले दुःख परक्या माणसापुढे का मांडावे? गोदाम पाडले गेले हे त्या मुलाने सांगितलेच पाहिजे काय? मुळीच नाही. राखून ठेवणे आणि खोटे बोलणे यांत फरक आहे. ज्याची आई नुकतीच वारली त्याने आईऐवजी मामूंबद्दल बोलावे, कुणी त्याला खोटारडा म्हणणार नाही. घराची दारे-खिडक्या बंद ठेवण्याचा हक्क सर्वांना आहे. दुसऱ्याचे घर आपले म्हणून दाखवण्याचा नाही. आणखी एक सवलतही देऊ. कार्डावर ‘समुद्रसफर’ आली आणि समुद्र पाहिलाच नसेल, तर कल्पनेने बोलायला हरकत नाही. तो भाषेचा खेळ आहे, दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला. बोच आहे ती लाजेपोटी रचलेल्या उत्तराची.

ही लाज आपल्या मुलांना लवकर चिकटते. घरात दखनी, शाळेत उर्दू, रस्त्यावर आणि एस.टी.त मराठी, परीक्षेत इंग्रजी. भाषा बदलणे ही लबाडी नव्हे, ती त्यांची कमाई आहे. परंतु पत्ता सांगताना मोहल्ल्याचे नाव गाळून शेजारच्या सोसायटीचे नाव सांगणे, भाड्याची खोली पाहायला जाताना आडनाव उशिरा सांगणे, हेही ती शिकतात. असे का करावे लागते याची कारणे त्यांच्या पदरात नाहीत, समाजाच्या पदरात आहेत. पण इंग्रजीच्या सरावाने त्या सवयीला आणखी खतपाणी घालावे काय?

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. पाठ जरूर करावे. वाक्यांच्या चाली, जोडशब्द, विचार करायला क्षणभर उसंत मागण्याची रीत, कठीण उच्चार, हे शंभर वेळा घोटावे. सुताराच्या मुलाला रंधा सफाईने चालवण्यासाठी घोटावेच लागते. मात्र लाकूड आपल्या घरचे असावे. सराव घेणाऱ्यानेही पहिल्या दिवशी तयार उत्तरांचे कागद वाटू नयेत. आधी मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्यावे, ऐकून घ्यावे, आणि मग त्या बोलण्याला इंग्रजी शब्द शोधून द्यावेत. वेळ जास्त लागतो. कदाचित अर्धा बँड कमीही पडेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या परीक्षेचा निकाल दोन वर्षांत कालबाह्य होतो. आपल्या बापाचे काम चारचौघांत सांगता येणे आयुष्यभर पुरते.