पाय टेकला की नाही

ट्रायल नावाच्या मोटारसायकल स्पर्धेत वेगाला फारशी किंमत नसते. ओढ्यातले निसरडे दगड, झाडांची उघडी मुळं, चिखलाचा चढ असा एक छोटा टप्पा आखून दिलेला असतो. तो जमिनीला पाय न लावता पार करायचा. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीनच. टप्पा पूर्णच झाला नाही तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक उभा असतो, बहुधा कुणाची तरी बायको नाहीतर गाडी सोडलेला एखादा म्हातारा स्पर्धक.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये हे काम माझ्याकडे आलं. माझा मामेभाऊ गेली पंचवीस वर्षं बर्मिंगहॅमला आहे. त्याच्याकडे राहायला गेले होते. रविवारी पहाटे त्याने माझ्या हातात गुणपत्रक दिलं आणि म्हणाला, "गाडीतलं काही कळायला नको. पाय टेकला की नाही, एवढंच बघ." ओल्या घळीत चार तास उभी राहून मी तेवढंच बघितलं. दादाची पाळी आली तेव्हा त्याचा डावा बूट एका दगडाला चाटून गेला. भार टाकला होता की नव्हता, सांगता येईना. मी एक गुण लिहिला. संध्याकाळी तो म्हणाला, "बरोबर लिहिलंस."

दादाची गाडी म्हणजे बुलेट. आपल्याकडे बुलेट म्हटलं की फौजदार, लष्कर किंवा गावचा पाटील डोळ्यांसमोर येतो. पण १९४८ साली या गाडीचे पहिले नमुने लोकांसमोर आले ते इंग्लंडमधल्या एका ट्रायलमध्ये. मागच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बर असलेली ट्रायलची गाडी तेव्हा नवलाची होती. पुढे जॉनी ब्रिटनने रॉयल एन्फील्डवर १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. दरम्यान १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. नंतर बर्मिंगहॅमच्या दक्षिणेचा, रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला आणि गाडी मद्रासला बनत राहिली. संस्कृत मूळ हरवून चिनी किंवा तिबेटी भाषांतरातच उरलेले बौद्ध ग्रंथ असतात, तसं काहीसं झालं.

म्हणूनच इंग्लंडमध्ये जुन्या घडणीची ट्रायल गाडी हवी असलेले, पण खिसा बेताचा असलेले काही जण मद्रासची बुलेट निवडतात. दादाने १९८०च्या दशकातली साडेतीनशेची घेतली. घेताना तो रंग किंवा क्रोम बघत नाही. चासी सरळ आहे का, इंजिनच्या बोल्टांचे आटे शाबूत आहेत का, एवढंच बघतो. मग काढाकाढी सुरू होते. लांब सीट, मडगार्डांचं जड लोखंड, दिवे, सगळं उतरवलं. फूटरेस्ट मागे घेतले, कारण चालवणारा सगळा वेळ उभाच असतो. सायलेन्सर वर उचलला. मागचं स्प्रॉकेट मोठं बसवलं, म्हणजे गाडी माणसाच्या चालीने चढ चढते. मागच्या टायरमध्ये हवा जेमतेम पाच पौंड. एवढ्या कमी हवेत टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह उपटू नये म्हणून तो आतून बोल्टने आवळलेला. हे सगळं उघड्यावर आहे, कुणालाही दिसतं.

न दिसणारं त्याने मला गॅरेजमध्ये दाखवलं. पॉइंटच्या जुन्या झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन होतं. पुढच्या फोर्कच्या जुन्या नळ्यांच्या आत आजच्या गाडीची यंत्रणा होती. तो '१९६५पूर्वी' या गटात उतरतो. १९६५ ही सीमारेषा उगीच नाही. त्या वर्षी सॅमी मिलरने बुल्टाको या हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोकवर स्कॉटलंडची ट्रायल जिंकली आणि जड ब्रिटिश फोर-स्ट्रोकचं राज्य संपलं. दादाच्या क्लबात नंतर बनलेली गाडीही चालते, पण घडण जुनी हवी आणि दिसायला जुनी हवी.

मी म्हटलं, "दगडाला चाटलेला बूट तुम्ही मोजता. मग हे का मोजत नाही?"

तो हात पुसत म्हणाला, "कुणाच्या झाकणाखाली काय आहे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. तू तुझ्या पुस्तकात काय करतेस?"

त्याने सहज विचारलं होतं. माझ्याकडे मात्र उत्तर होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी एका दिवंगत अनुवादकाच्या जुन्या भाषांतराची नवी आवृत्ती मी तयार केली होती. "भाषा जरा चालती करा," असं प्रकाशकांनी सांगितलं होतं. मी केली. अडलेली वाक्यं सोडवली, चुकलेले अर्थ सुधारले, काही ठिकाणी केवळ मला आवडलं म्हणून बदललं. मुखपृष्ठावर त्यांचंच नाव राहिलं, माझं कुठेच नव्हतं. मला तो विनय वाटला होता. मग एका वाचकाने त्यातलं एक वाक्य उतरवून पाठवलं आणि लिहिलं, 'त्या पिढीला मराठी यायची.' ते वाक्य माझं होतं. आधी गुदगुल्या झाल्या. मग तोंड कडू झालं.

मिलिंदपन्हात नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी ठरतं ते असं की हे सगळे भाग एकत्र आले की 'रथ' असं नाव वापरलं जातं, इतकंच. एम.ए.ला असताना या संवादाने मला मोठा दिलासा दिला होता. मूळ असं काही कुठे घट्ट धरून ठेवलेलं नसेल, तर दुरुस्तीत ते बिघडण्याचा प्रश्नच नाही. नवी चाकं घाला, नवी आस घाला.

गॅरेजमधून परतल्यावर मला त्या संवादाची दुसरी बाजू दिसली. नाव हा माणसांमाणसांतला व्यवहार असेल, तर इमान राखायचं ते सुट्या भागांशी नसून त्या नावावर विसंबणाऱ्या माणसांशी. दादाच्या क्लबातले लोक जाणून आहेत, म्हणून त्याचं झाकण फसवत नाही. माझ्या वाचकाला ठाऊक नव्हतं. मी किती बदललं हा मुद्दा गौण होता. अनुवादकाने कुठे पाय टेकला, हे तळटीप सांगते. मी एकही तळटीप दिली नव्हती.

गेल्या दिवाळीत दादाचा फोन आला. गुडघे गेलेत, गाडी विकतोय. हत्यारांच्या पेटीत त्याची एक वही असायची, प्रत्येक दुरुस्तीची तारखेसह नोंद. सगळी मराठीत, त्यामुळे घेणाऱ्याला निरुपयोगी. "इंग्रजी करून दे," म्हणाला. फोटो पाठवले. मी बसले. 'प्लगचे आटे गेले, नवे घातले.' 'क्लच प्लेटा बदलल्या.' आणि मध्येच, 'उजव्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला तडा. रविवारच्या आत व्हावं म्हणून घाईत वेल्ड केला. नीट झालेला नाही. पुन्हा बघणे.' पुढे तो बघितल्याची नोंद नव्हती. ज्या फूटरेस्टवर माणसाचा सगळा भार, त्याचीच ही गोष्ट.

मी फोन केला. "हेही लिहू? भाव उतरेल."

"ते सगळ्यात आधी लिही."

ती वही संपवल्यावर मी प्रकाशकांना पत्र लिहिलं, पुढच्या आवृत्तीत बदलांचं निवेदन छापा म्हणून. उत्तर सौजन्याचं होतं. त्यांच्या घरच्यांना वाईट वाटेल, पुढची आवृत्ती निघेल तेव्हा बघू. त्या घरच्यांना विचारल्यावाचून ते नाव इथे लिहिणं मला बरोबर वाटत नाही. पण यादी मी करून ठेवली आहे. जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून, पान आणि ओळ लिहून, ११२ जागा. ट्रायलमध्ये तिनाच्या पुढे मोजत नाहीत. मी मोजल्या.