वाढणारे आणि बसणारे

काका निवृत्त पाळक. पुतणी काही वर्षं वॉशिंग्टनला राहून आलेली. वाद तिथल्या एका चर्चनं चालवलेल्या कॉफी हाउसचा होता, दोघं पीत होते मात्र चहा.

काका : एवढंच सांग, तिथं टेबलावर प्रभूचं नाव निघतं का? निघत नसेल तर ते नुसतं हॉटेल. निघत असेल तर कॉफी म्हणजे गळाला लावलेलं आमिष.

पुतणी : तिथले पाळक गॉर्डन कॉस्बी यांची गोष्ट ऐका. ते आणि पत्नी मेरी एका गावी प्रवचनाला गेले. उपासना अगदी निर्जीव झाली. रात्रीचा मुक्काम दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत. खालून गाणी, हसणं. प्रभू चर्चपेक्षा इथं जास्त रमला असता, असं त्यांना वाटलं. पुढे १९६० मध्ये त्यांच्या ‘चर्च ऑफ द सेव्हियर’नं कोलंबिया रोडवर ‘पॉटर्स हाउस’ उघडलं. मंडळीचे सभासदच पाळीपाळीनं कॉफी आणून द्यायचे.

काका : आणि नाव यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातलं, कुंभाराचं घर! शास्त्र वाचलेल्यानं ओळखावं, बाकीच्यांनी मडक्यांचं दुकान समजावं. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये ख्रिस्तशिष्यांचा ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. पण दरबार कुणाचा, हे उघड होतं.

पुतणी : इथंही लपवलं कुठं? विचारलं तर सांगायचं. न विचारणाऱ्याच्या मागं लागायचं नाही.

काका : बरं. पण त्या मंडळीत सभासद व्हायचं तर आधी वर्ग, मग दशांश, रोजची प्रार्थना, शिवाय दरवर्षी नव्यानं वचन द्यायचं. आतलं दार इतकं अरुंद आणि रस्त्यावरचं सताड उघडं! वाढणाऱ्यांची पंगत एक, बसणाऱ्यांची दुसरी. याला सहभागिता म्हणायचं?

(काकांचा हा मुद्दा मला सगळ्यांत बळकट वाटतो. पुतणीचं उत्तर चांगलं आहे, पण पुरेसं नाही.)

पुतणी : शिस्त नसेल तर ट्रे उचलणारा महिन्याभरात कंटाळतो. अरुंद दारातून गेलेल्यांनीच रुंद दार उघडं ठेवलं. आणि ते टेबलापाशी थांबले नाहीत. आसपासच्या लोकांच्या घरांचे हाल पाहून त्यांच्यातल्या काहींनी ‘रिट्झ’ आणि ‘मोझार्ट’ या दोन मोडकळीला आलेल्या इमारती घेतल्या. १९७३ ची ‘जुबिली हाउसिंग’ ही घरांची संस्था ती हीच.

काका : गिऱ्हाईक यायचं थांबलं, तर कुणाला कळतं? आमच्याकडे रविवारी जागा रिकामी दिसली की सोमवारी घरी जातो. आपल्याला माती कोण देणार, हे माणसाला ठाऊक असतं.

पुतणी : त्याच कोलंबिया रोडवर आजारी बेघरांसाठी १९८५ मध्ये क्राइस्ट हाउस निघालं. २०१३ मध्ये कॉस्बी स्वतः तिथंच वारले.

काका : हे मला माहीत नव्हतं.

पुतणी : आता माझा प्रश्न. एक माणूस वीस वर्षं कॉफीला आला आणि चर्चची पायरी एकदाही चढला नाही. तुम्ही ओतत राहाल?

काका : मी राहीन. मंडळीची कमिटी दुसऱ्याच वर्षी हिशेब मागेल.

पुतणी : म्हणजे अडचण कॉफीची नाहीच.

काका : नाही. पण कॉफी हाउसात तू आवडीच्या टेबलाशी बसतेस. कमिटीत मला न आवडणारे चार जण आहेत आणि प्रभुभोजन मी त्यांच्याबरोबरच घेतो. त्यांना तुझ्या टेबलाशी बसवशील?

पुतणी : ते येतील का, ते आधी विचारा.