सारथी आणि साक्षी

नवी मोटार घेतली की ती प्रथम देवळाच्या पायरीशी आणून उभी करावयाची, ही चाल आपल्या समाजात मोटारीइतकीच जुनी असावी. भटजी तिच्या कपाळावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार घालतात, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, नारळ फुटतो आणि मग ती रस्त्याला लागते. आजवर गाडी हे सर्व उपचार मुकाट्याने स्वीकारीत असे. अलीकडे मात्र ती बोलू लागली आहे. २०२१ नंतर मध्यम किमतीच्या गाड्यांतही पुढील बाजूस रडार व काचेच्या माथ्याशी कॅमेरा बसू लागला. त्यांवर हार आडवा आला किंवा गंधाचा हात फिरला की चालकापुढील पटलावर पिवळे चिन्ह उमटते आणि आपणास दिसत नसल्याची तक्रार गाडी करते. डाव्या बाजूच्या फळीवर भक्तिभावाने बसविलेली पितळी मूर्ती तर नेमकी एअरबॅगच्या झाकणावर असते. अपघाताच्या क्षणी ती पिशवी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते आणि जे काही तिच्या वाटेत असेल ते उतारूच्या तोंडावर भिरकावते. मूर्ती बसविणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

परंतु आजचा विषय हाराचा किंवा मूर्तीचा नाही. चाकामागे बसलेल्या माणसाच्या मनाचा आहे. नव्या यंत्रांविषयी जुन्या चालकांशी बोलून पाहावे. कोणी त्यांचा निखालस धिक्कार करीत नाही, आणि कोणी मोकळ्या मनाने स्तुतीही करीत नाही. हे द्वैत आळसाचे किंवा जुन्याच्या मोहाचे आहे, असे समजून सोडून देणे सोपे आहे. माझ्या मते त्याच्या मुळाशी एक खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो चालकाला नीट मांडता येत नसला तरी त्याला तो बोचतो आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. सर्वच यंत्रे चालकाला सलत नाहीत. चाके जाम होऊ न देणारा ब्रेक २०१९ च्या एप्रिलपासून आपल्या देशात सर्व नव्या मोटारींना सक्तीचा झाला. ओल्या रस्त्यावर पाय जोराने दाबला असता पूर्वी चाके जागीच थिजत, गाडी घसरत जाई आणि स्टिअरिंग कितीही फिरविले तरी दिशा बदलत नसे. म्हणून वाकबगार चालक ब्रेक एकदम न दाबता पायाने धरसोड करीत वेग उतरवी. आषाढातल्या चोर्ला घाटात बेळगावहून गोव्याकडे उतरताना हे कसब ज्याच्या पायात असे, त्याच्या गाडीत माणसे निर्धास्त झोपत. आता तीच धरसोड यंत्र एका सेकंदात अनेक वेळा करते. एका पिढीची कला अशी एका पेटीत गेली. पण तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याचे मला ठाऊक नाही. याचे कारण असे की, त्या यंत्राने चालकाच्या हातचे काही काढून घेतले नाही. उलट, घसरणाऱ्या गाडीचे स्टिअरिंग त्याच्या हाती जिवंत ठेवले. ब्रेक दाबावयाचा की नाही, हे अजून तोच ठरवितो.

दुसऱ्या जातीची यंत्रे वेगळी आहेत. पुढे अडथळा आहे असे वाटताच ती स्वतः ब्रेक लावतात. पांढरी रेघ ओलांडली जाते असे दिसले की स्टिअरिंग स्वतः वळवितात. फोंड्याकडच्या एका टॅक्सीवाल्याने मला सांगितले, “ब्रेक हांवें मारूंक ना, गाडयेन मारलो.” झाले असे होते की, डावीकडून एक दुचाकी अचानक पुढे घुसली. ती निघून जाईल हे याला तिच्या चालकाच्या खांद्याच्या कलण्यावरून कळले होते. गाडीला खांदा वाचता येत नाही. ती थबकली आणि मागची गाडी हातभर अंतरावर येऊन किंचाळत थांबली. त्याच्या बोलण्यात राग कमी आणि संकोच अधिक होता. मागच्या चालकाने शिव्या दिल्या त्या याला, गाडीला नव्हे. आपल्याकडचे गावरस्ते चिऱ्यांच्या गडग्यांमधून वळणे घेत जातात. मध्येच गाय बसलेली, खड्डा चुकविण्यासाठी रेघ ओलांडणे हेच शहाणपण. आणि नेमक्या त्या वेळी स्टिअरिंग हातात अडते. ज्याने वीस वर्षे हा रस्ता हाकला, त्याला ते आपल्या मनगटावर कोणीतरी हात ठेवल्यासारखे वाटते.

कठोपनिषदातील रथाचे रूपक आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे त्यांचे मार्ग. त्या रूपकाची कसोटी लावली तर वरील दोन जातींतील भेद स्पष्ट होतो. पहिले यंत्र म्हणजे शिकविलेला, सारथ्याच्या कह्यात राहणारा घोडा होय. घोडा जितका चांगला तितके सारथ्याचे काम सुकर. त्यात त्याचा अपमान नाही. दुसरे यंत्र सारथ्याच्या आसनावरच येऊन बसते. आणि बुद्धीचे आसन दुसऱ्यास दिले, तर रथी कोणाच्या भरवशावर आहे, हा प्रश्न उपस्थित होतोच.

यावर कोणी म्हणेल की, अर्जुनानेही लगाम दुसऱ्याच्या हाती दिले होते. खरे आहे. महाभारताच्या कर्णपर्वातील एकच प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही रथांचे सारथी एकाच वेळी कसोटीला लागले. कर्णाने सर्पमुख बाण जोडला. त्याचा सारथी शल्य म्हणाला की, हा नेम मानेवर बसणार नाही, पुन्हा साध. कर्णाने नकार दिला. एकदा जोडलेला बाण दुसऱ्यांदा जोडणे त्याला कमीपणाचे वाटले. इकडे श्रीकृष्णाने काही न बोलता रथ भार देऊन जमिनीत दाबला, घोडे गुडघ्यांवर आले आणि मानेसाठी आलेला बाण किरीट घेऊन गेला. आपत्काली आपोआप लागणाऱ्या ब्रेकचे याहून चांगले उदाहरण मला तरी सापडत नाही. अर्जुनाला विचारावयास वेळ नव्हता. विचारले असते तर मान गेली असती. अशा मदतीने कोणाचा मान जात नाही. तोच श्रीकृष्ण युद्धारंभी मात्र, गीतेचे अठरा अध्याय सांगून झाल्यावर, निर्णय अर्जुनावर सोपवितो. लगाम हाती असलेल्याने कोठे मध्ये पडावे आणि कोठे पडू नये, याचा हा विवेक आहे.

आणि शल्य? तो त्या वेळी बरोबर सांगत होता. पण सकाळपासून त्याने कर्णाचा तेजोवध करण्याखेरीज दुसरे काही केले नव्हते. तसे वचनच तो युधिष्ठिरास देऊन बसला होता. जो सारथी अखंड टोचतो, त्याची खरी सूचनाही टोचणीतच जमा होते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे अखंड वाजणारा इशारा सक्तीचा आहे. पट्टा न लावल्यास वाजणारा इशाराही त्याच दिवसापासून. त्यांत आता रेघेचा, पुढच्या गाडीचा, बाजूच्या दुचाकीचा अशा नव्या आवाजांची भर पडली आहे. कारखानदारांनी कृष्ण देऊ केला होता. पुष्कळ चालकांच्या वाट्याला मात्र शल्यच आला आहे.

तरीही चालकाचीच बाजू उचलून धरणे न्यायाचे होणार नाही. ताशी ठरावीक वेग आपोआप राखणारे यंत्र राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने शोधले आणि १९५८ साली ते मोटारींत येऊ लागले. टीटर लहानपणापासून पूर्ण अंध होते.  ते नेहमी मागे बसणारे. हाकणारा बोलण्याच्या भरात वेग कमी-जास्त करी आणि त्या हिसक्यांचा त्यांना त्रास होई, त्यातून ही कल्पना निघाली असे सांगतात. हा शोध हाकणाऱ्याने लावला नाही, बसणाऱ्याने लावला. चालकाचे कौशल्य ही त्याची खाजगी मिळकत नव्हे. त्याच्या मागे बसलेले म्हातारे वडील, रस्त्याच्या कडेने जाणारी मासेविक्रीण, शाळेतून सुटलेली मुले या सर्वांचा त्यात वाटा आहे. यंत्र आपला अभिमान दुखविते, या तक्रारीला त्यांच्यापुढे फारसे वजन उरत नाही. चालक कितीही निष्णात असो, वर्षातून एखादा क्षण असा येतोच की त्याचे लक्ष नसते, आणि त्या क्षणी गाडीने ब्रेक लावला तर ती मासेविक्रीण घरी पोहोचते.

मग बोचते ते काय? मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर दोन पक्षी सांगितले आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. पाहणारा साक्षी आहे. तो करीत नाही, म्हणून त्याला कर्म चिकटत नाही. नव्या यंत्रांनी चालकाला हळूहळू त्या दुसऱ्या फांदीवर नेऊन बसविले आहे. वेग यंत्र राखते, अंतर यंत्र मोजते, रेघ यंत्र सांभाळते. तू फक्त पाहत राहा. पण गाडीसोबत मिळणारे माहितीपुस्तक उघडावे. सर्व जबाबदारी चालकाची, हे त्यात बजावून सांगितलेले असते. म्हणजे बसावयाचे साक्षी होऊन आणि फळ भोगावयाचे कर्ता म्हणून. ही व्यवस्था अजब आहे.

शिवाय नुसते पाहत राहणे हे मनुष्यस्वभावास साधत नाही. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश विदुषीने १९८३ साली एका निबंधात हे दाखवून दिले की, यंत्राकडे काम सोपवून माणसास केवळ देखरेखीस बसविले की त्याचे कसब गंजते, लक्ष उडते आणि नेमक्या अवघड क्षणी त्यालाच हाक मारली जाते. तिने लिहिले ते कारखान्यांतील नियंत्रकांविषयी, पण १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी गावी ते मोटारीविषयी खरे ठरले. एका कंपनीची स्वयंचलित गाडी चाचणीवर होती. सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला तिच्या यंत्रणेने सुमारे साडेपाच सेकंद आधी टिपले होते. परंतु ही मोटार आहे, सायकल आहे की आणखी काही, याचा निर्णय ती पुनःपुन्हा बदलत राहिली. गाडीच्या मूळ कारखान्याने बसविलेला आपत्कालीन ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवलेला होता. देखरेखीस बसविलेली चालक मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती. ती स्त्री मरण पावली. २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे ठरविले. २०२३ मध्ये चालकाने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची देखरेखीची शिक्षा झाली. मोबाइल पाहणे हा दोषच होता, त्याचे समर्थन करता येणार नाही. पण ज्यांनी मूळचा ब्रेक बंद ठेवला, त्यांचे काय, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, जे यंत्र आपल्या चुकीनंतर धावून येते ते घ्यावे, आणि जे चूक करण्यास निमंत्रण देते त्याच्याविषयी सावध असावे. ही रेघ आखणे कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात तेच यंत्र दोन्ही कामे करू शकते. जर्मनीत म्यूनिक शहरी १९८० च्या दशकात काही टॅक्सींना न घसरणारा ब्रेक दिला व काहींना दिला नाही, तेव्हा अपघातांच्या संख्येत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. ब्रेक चांगला म्हणून चालक अधिक बेफाम झाले. आपण तर याच्याही पुढे गेलो. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा नील्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला आणि त्यांच्या कंपनीने तो साऱ्या जगाला वापरू दिला. आपल्या बाजारात पट्टा न लावता त्याची सूचना बंद पाडणारी खोटी खिळ राजरोस विकली जात होती. २०२३ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच विक्रेत्यांना ती काढावयास लावली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जाहिराती उतरल्या. या लोकांना शल्याची टोचणी नको होती असे म्हणावे, तर पट्टा लावताच ती आपोआप थांबते.

चालकाच्या पेंगण्यावर नजर ठेवून त्याला जागा करणारी यंत्रणा युरोपात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना आवश्यक झाली आहे, आणि आपल्याकडील काही गाड्यांतही ती आली आहे. स्टिअरिंगवरचा हात सैल पडला, गाडी वाहावू लागली, की पटलावर चहाच्या पेल्याचे चित्र उमटते: विश्रांती घ्या. येथे प्रश्न चालकाचा राहत नाही. पगारी चालकाला विश्रांती कोण देणार? मोटार कामगारांना दिवसाला आठ तास काम, असा कायदा १९६१ पासून आहे. पण कुलदेवतेच्या दर्शनाला बडोद्याहून किंवा इंदूरहून निघालेले कुटुंब भाड्याच्या गाडीने रात्रभर येते, पहाटे कवळ्याला किंवा मंगेशीला उतरते, स्नान करून अभिषेकाला बसते. चालक गाडी पुसतो, कारण दुपारी लगेच म्हार्दोळ आणि संध्याकाळी परतीचा घाट. पटलावर पेल्याचे चित्र उमटते, ते तो बोट लावून घालवितो. मागून यजमान विचारतात, हा आवाज कसला? तो म्हणतो, काही नाही, काका. अग्रशाळेत खोल्या मागताना माणसे मोजली होती, तेव्हा सात सांगितली होती. गाडीतून उतरली ती आठ.